हात मोकळे ठेव

उधना, सुरत

चि. बाळास,


वक्तृत्वाच्या सरावात सरांनी तुला हात मागे बांधून उभं केलं आणि अर्ध्यावर शब्दच सुचेनात, असं तुझी आई फोनवर म्हणाली. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

मी बावीस वर्षं संच्याच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात काढली. बारा तासांच्या पाळीत, कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी शब्द पोचायचा नाही. शेजारच्या संच्यावर ओडिशातल्या गंजामचा माणूस. त्याला मराठी येईना, मला उडिया. दोन बोटं जुळवून झटक्यात फाकवली की ताणा तुटला. अंगठा ओठांशी नेला की पाणी. एवढं आठवड्यात जमलं. एका रात्री त्यानं तळहात आधी गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा धरला. गावाकडची दोन मुलं. नंतर तोच हात छातीवर ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. त्याचा आवाज मला आठवत नाही. ते बोलणं मात्र अजून डोळ्यांपुढे आहे.

तुझ्या आजोबांच्या बैलजोडीचा भावही रुमालाखालीच ठरला होता, दलालानं बोटं दाबून. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्यानं हिऱ्यांचा सौदा असाच होताना पाहिला: कापडाखाली सगळा पंजा धरला तर हजार, एक बोट धरलं तर शंभर, बोटाचं टोक म्हणजे दहा. एकाच दालनात सौदे व्हायचे, पण शेजाऱ्याला भाव कळायचा नाही.

या झाल्या ठरवलेल्या खुणा. तुझे हात हलतात ते कुणी न शिकवता. १९९८ साली जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी जन्मांध मुलांना बोलताना पाहिलं. ज्यांनी कधी कुणाचा हात हललेला पाहिला नाही, ती मुलंही हातवारे करत होती, ऐकणारा आंधळा आहे हे माहीत असूनसुद्धा! म्हणजे हात समोरच्याला दाखवण्यापुरते हलत नाहीत. विचार जुळवताना ते आपल्यालाही लागतात, असं मला ठाम वाटतं.

ओढणीशी चाळा तेवढा करू नकोस. बाकी हात मोकळे सोड, आणि सरांनाही हे नीट समजावून सांग. रविवारी माझी सुट्टी आहे. फोनवर पूर्ण भाषण म्हणून दाखव. हात बांधलेस की सोडलेस, ते मला आवाजावरून कळेल.

तुझा,
मामा