मूळ शोधू नये म्हणतात

सहलीची गाडी भोनला जात नाही. मेहकरच्या बालाजीला जाते, लोणारला जाते, परतीच्या वाटेवर सिंदखेडराजाला थांबते आणि तेवढ्यात दिवस मावळतो. भोन आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातलं, म्हणजे घाटाखालचं. बाकीची सगळी ठिकाणं घाटावरची. एका दिवसात दोन्ही बसत नाहीत, हे कारण मला पटतं. तरी हाताशी दोन दिवस असते तर गाडी घाट उतरली असती का, हा विचार डोक्यातून जात नाही.

बांधकामाच्या वयाने पाहिलं तर भोन या सगळ्यांत वडील. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने बी. सी. देवतारे यांच्या नेतृत्वाखाली या शतकाच्या सुरुवातीला तिथे खोदकाम केलं, तेव्हा भाजक्या विटांचा बौद्ध स्तूप निघाला. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक बसवून केलेल्या विहिरी निघाल्या. पाणी नेणारा कालवा निघाला. काळ मौर्य-सातवाहनांचा. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा पाया घातला जायला त्यानंतर हजार वर्षांहून जास्त अवकाश होता. आणि आता पूर्णा नदीवर जिगावचं धरण होतं आहे. त्याच्या फुगवट्यात भोन येतं.

मेहकरची मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली. काळ्या पाषाणाची, अकरा फुटांच्या आसपास उंच. इंग्रज ती विलायतेला नेणार अशी कुणकुण लागली आणि गावाने घाईघाईने प्रतिष्ठापना करून टाकली, असं मेहकरात घरोघर सांगतात. एकदा देवाची पूजा सुरू झाली की त्याला जागचा हलवायची कोणाची छाती नाही, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. सिंदखेडराजालाही २०२४ च्या जूनमध्ये लखुजीराव जाधवांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याचं काम चालू असताना शेषशायी विष्णू निघाला, लक्ष्मी पाय चुरते आहे असा. लोक बघायला धावले. मूर्तीला चेहरा असतो, डोळे असतात, तिच्यापुढे हात आपसूक जोडले जातात. विटांच्या गोल चौथऱ्यापुढे काय करायचं? विदर्भात बौद्ध समाज मोठा आहे, त्याला या विटांचं मोल कळतं, स्तूप वाचावा अशी मागणीही झाली आहे. पण रातोरात प्रतिष्ठापना करून धरण अडवता येईल, असा काही मार्ग विटांना नाही.

लोणारला विवराच्या कडेच्या धारेवर आमचा वाटाड्या थांबला. वीस-बावीस वर्षांचा असेल, गावातलाच. दैत्यसूदनाच्या मंदिरात त्याने फार मन लावून सगळं दाखवलं होतं. आत अंधार, छतावर कोरीव काम. हा मुलगा मोबाइलचा उजेड एकेका शिल्पावर धरायचा आणि आमच्या सगळ्यांच्या माना तिकडे वळल्याशिवाय पुढे जायचा नाही. लवणासुराची गोष्ट सांगताना विष्णूने त्याला कुठे गाडला, त्याचं रक्त म्हणजे तळ्यातलं हे पाणी कसं, त्याचं मांस म्हणजे हा क्षार कसा, हे तो असं सांगत होता की जणू परवाच घडलं. धारेवर मात्र त्याचा आवाज खाली आला. गोमुखातून पाणी पडत होतं. "हे पाणी कुठून येते थे कोनालेच समजलं नाई," तो म्हणाला. शेजारी बाटली भरणाऱ्या एक आजी लगेच म्हणाल्या, "काशीचं हाय माय ते." आणि मग त्यांनीच, बाटलीचं झाकण लावता लावता, ऐकवलं: ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये.

ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण इतकी चपखल ती कुठे बसली नव्हती आणि इतकी बोचलीही नव्हती. पाण्याचं उत्तर तसं अवघड नाही. वरच्या पठारावर पडलेला पाऊस बसाल्टच्या भेगांतून मुरतो आणि विवराच्या कडेला बाहेर येतो. तरीही आजींना ते सांगायचं माझ्या मनात आलं नाही.

म्हण कोणी केली असेल, आणि का? एक अर्थ मला फार आवडतो. व्यास मत्स्यगंधेच्या पोटचे, वसिष्ठांच्या आईविषयी पुराणं उर्वशीचं नाव घेतात. ज्याच्या पायाशी बसून शिकायचं त्याची जात, त्याचं घराणं विचारू नका. तो काय सांगतो ते ऐका. असं असेल तर ही म्हण मोठ्या मनाची आहे. आमच्या जिल्ह्याला तर ती अंगाला मापून शिवल्यासारखी आहे. शेगावला २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज लोकांच्या दृष्टीस पडले. कुठले, कोणाचे, कोणत्या घराण्यातले, कोणाला कधीच कळलं नाही. ८ सप्टेंबर १९१० ला त्यांनी समाधी घेतली, तोवर आणि त्यानंतरही लाखो माणसांनी त्यांच्यापुढे डोकं टेकलं, आणि कुळाच्या प्रश्नाने कोणाचं अडलं नाही. ऋषीच्या कुळाविषयी म्हणीचा मान राखणारा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

दुसरा अर्थ वेगळा आहे. मूळ फार लहान असतं आणि ते पाहिलं की नदीविषयीचा आदर कमी होतो, म्हणून पाहू नये. बुलडाण्याजवळ मढच्या डोंगरात बुधनेश्वरला पैनगंगेचा उगम आहे. पुढे ही नदी विदर्भ आणि मराठवाड्याची हद्द होऊन वाहते, वर्धेला मिळते. उगमाशी उन्हाळ्यात गेलं तर ओलसर दगड आणि एक कुंड. माझा आदर मात्र तिथे कमी झाला नाही, उलट वाढला. एवढ्याशा ओलीतून एवढी नदी होते म्हणजे वाटेत तिला किती ओढ्यांनी हात दिला असेल, असं वाटलं. तेव्हा हा अर्थ मला पटत नाही.

आणि तिसरा अर्थ, जो मला अस्वस्थ करतो. मूळ विचारलं तर काही जणांची गैरसोय होते, म्हणून विचारू नका. सिंदखेडराजाला आमचा हाच वाटाड्या जाधवांचं घराणं देवगिरीच्या यादवांपर्यंत नेऊन भिडवत होता आणि आम्ही सगळे माना डोलवत होतो. १५९८ च्या १२ जानेवारीला जिजाऊ जिथे जन्मल्या त्या वाड्यात कोणीही म्हणालं नाही की कूळ शोधू नये. राजाचं कूळ आपण अभिमानाने शोधतो, त्याची वंशावळ भिंतीवर लावतो. मग ऋषीचंच कूळ शोधायचं नाही, ते का? त्याला जपण्यासाठी, की स्वतःला? त्याच्या कुळापर्यंत गेलो तर जे सापडेल त्याने आपली देवळं, आपले मान, आपल्या रांगा हलतील, अशी तर भीती नव्हती? देवळाच्या आधी इथे कोणी काय पूजलं, हा प्रश्न भोनच्या विटा विचारतात. घाटाखाली गाडी न जाण्यात या म्हणीचा काही वाटा असेल का? असेल असं ठामपणे म्हणवत नाही. रस्ता, जेवणाची सोय, लोकांची पसंती, कारणं पुष्कळ असतात.

आपल्याच देवळाच्या पायाखाली बघणारेही असतात. माझी मामेबहीण रोमला एका दिवसाच्या सहलीत सान क्लेमेंते नावाचं चर्च पाहून आली. वरचं चर्च बाराव्या शतकातलं. त्याच्या खाली चौथ्या शतकातलं, ख्रिस्ती धर्माला नुकती राजमान्यता मिळाली त्या काळाचं. आणखी खाली पहिल्या शतकाच्या रोमन इमारती, त्यांत मिथ्र या देवाचं देऊळ, बैल मारणाऱ्या देवाच्या शिल्पासह. १८५७ साली तिथल्याच मुल्लूली नावाच्या आयरिश धर्मगुरूने आपल्या चर्चच्या पायाखाली खणायला सुरुवात केली. स्वतःच्या देवाच्या खाली दुसरा देव निघेल याची धास्ती त्याला वाटली असेल का, मला माहीत नाही. खणत राहिला एवढं खरं. आता वाटाडे लोकांना जिन्याने शतकं उतरवत नेतात. बहीण म्हणाली, अगदी तळाला गेलं की भिंतीपलीकडून वाहत्या पाण्याचा आवाज येतो. तिला देव आठवत नव्हते, ते पाणी आठवत होतं.

रोमचा विषय निघाला की मला भोकरदन आठवतं. आमच्या जिल्ह्याला लागून, जालन्यात. १९३८ साली पॉम्पेईच्या एका घरात एक हस्तिदंती बाई सापडली, वीतभर उंच, अंगावर दागिने, दोन्ही बाजूंना दासी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडलं गेलं, त्याच्या आधीच ती तिथे पोचली होती. पुढे भोकरदनच्या उत्खननात तशाच घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, तेरलाही मिळाली. त्यावरून ती इकडून गेली असावी असं अभ्यासक म्हणाले. पण तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे, ते वायव्येकडचं. तेव्हा ती आमची, की गांधाराकडची, की घडली एकीकडे आणि मोजली गेली दुसरीकडे? सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हणाले, मग यक्षी म्हणू लागले. तिचं मूळ शोधणाऱ्यांना मूळ सापडलेलं नाही, पण शोधामुळे भोकरदनची एक गल्ली पॉम्पेईच्या एका घराशी जोडली गेली. न शोधता हे घडलं नसतं.

लोणारचं तरी काय? १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. पुढे कित्येक वर्षं त्याला ज्वालामुखीचं तोंड समजत. १९७३ मध्ये आघाताने बनलेली काच दाखवून तो उल्केचा घाव असल्याचं सिद्ध झालं. त्याचं वय मात्र एका पद्धतीने ५२ हजार वर्षं निघतं आणि दुसरीने ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक! मूळ शोधलं, आणि एकाऐवजी दोन मुळं हाती आली. त्या मुलाने आम्हाला दोन्ही आकडे सांगितले आणि तळ्याकाठी कमळजा देवीजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीकडे बोट केलं. तिच्या एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट, अशी तिची ख्याती आहे.

गोड आणि खारं पाणी म्हटलं की मी पुन्हा घाटाखाली येते, आणि या वेळी विटा बाजूला पडतात. पूर्णेचं खोरं हा खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद. जमिनीखालचं पाणी खारं. प्यायलं तर बाधतं, पिकाला दिलं तर जमीन बिघडते. मूत्रपिंडाच्या आजाराने संग्रामपूरकडच्या गावांत किती घरं मोडली, हे आमच्याकडे कोणालाही विचारा. माझ्या परिचयातल्या एका घरी पाहुण्यांना पाणी देण्याआधी बाई सांगतात, "कॅनचं आहे हो, बोरचं नाही." त्या भागाला जिगावचं पाणी म्हणजे काय, हे धारेच्या गोड पाण्याने हात धुणाऱ्या मी सांगू नये.

आणि मग भोनच्या त्या विहिरी. दोन हजार वर्षांपूर्वी याच खोऱ्यात कोणी तरी भाजक्या मातीची कडी घडवली, खड्ड्यात उतरवली, कालवा काढला. तेव्हाचं पाणी कसं होतं, गोड की खारं? ते गोड पाण्यासाठीच इतक्या जागी खणत गेले का? ती वस्ती पुढे का उठली? स्तूपाला फेरी घालणारी माणसं त्याच विहिरींवर घागर भरत असणार. मी इतके दिवस स्तूपाचाच विचार करत होते, पण त्या माणसांना विचारलं असतं की आमच्या स्तूपावरून पाणी येऊ द्यायचं का, तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं? कालवा काढणारी माणसं होती ती.

नागार्जुनसागरचं धरण बांधताना नागार्जुनकोंड्याच्या वास्तू उचलून टेकडीवर नेल्या. त्याआधी १९५४ ते १९६० पर्यंत तिथे खणत होते. इक्ष्वाकूंच्या त्या नगरात रोमन नाणी निघाली, रोमन रंगमंडलासारखं पायऱ्यापायऱ्यांचं प्रेक्षागार निघालं. आता टेकडीचं बेट झालं आहे, लोक होडीने जातात आणि मांडलेल्या विटा बघतात. भोनचा स्तूपही तसा कुठे उंचावर रचता येईल. विटांना नंबर घालता येतात. विहीर कशी उचलणार? तिचं असणं खालच्या पाण्याशी बांधलेलं. कालवा कसा उचलणार? त्याचा उतार त्याच जमिनीचा. उचलून नेता येतं ते देवाचं, आणि बुडतं ते संसाराचं, असं काहीसं होईल. पण देवाचं तरी तसं उचलता येतं का? मेहकरच्या लोकांना विचारलं तर ते नाही म्हणतील.

स्तूप वाचवा अशा अर्जावर सही मागायला कोणी आलं असतं तर लोणारहून आलेल्या संध्याकाळी मी लगेच केली असती. आता थांबेन. सही करायची नाही असं नाही. अर्जात विहिरींबद्दल काय लिहिलं आहे, आणि कॅनचं पाणी विकत घेणाऱ्या घरांबद्दल काय लिहिलं आहे, ते आधी वाचीन. दोन्हींबद्दल एका कागदावर काय लिहिता येईल, ते मला अजून सुचलेलं नाही. पाणी चढण्याआधी एकदा घाट उतरून जायचं मात्र ठरवलं आहे, आणि जमलं तर त्या लोणारच्या मुलालाही बरोबर घ्यायचं. छतावर मोबाइलचा उजेड धरणारा तो मुलगा त्या कड्यांच्या विहिरीत काय दाखवील, याची मला उत्सुकता आहे.