छोटा कॅमेरा की डीएसएलआर? आमच्या शाळेने काय घेतलं आणि का



दहावीचा निकाल लागला की दरवर्षी एक-दोन पालकांचा फोन येतो. "बाई, पोराला फोटोचा नाद लागलाय. साधा छोटा कॅमेरा घ्यावा की डीएसएलआर?" मी मराठी शिकवते, कॅमेऱ्यातली तज्ज्ञ नाही. पण २०१२ साली आमच्या शाळेत याच प्रश्नावर महिनाभर खल झाला होता आणि त्यात मी बरीच बोलले होते. तेव्हापासून हा प्रश्न माझ्याकडे येतो. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरात तेलुगू बोलतात. वडील किंवा काका यंत्रमागावर, आजी विड्या वळणारी, अशी बरीच घरं. माजी विद्यार्थ्यांनी त्या वर्षी शाळेला कॅमेरा घ्यायला पैसे दिले. त्यांच्या मनात होतं स्नेहसंमेलन, १५ ऑगस्ट, बक्षीस समारंभ. मुख्याध्यापकांच्याही मनात तेच. माझ्या मनात मात्र सातवीचं चित्रवर्णन होतं.

चित्रवर्णनाचा प्रश्न तुम्हाला माहीत आहेच. पुस्तकात खेड्याचं चित्र, विहीर, बैलगाडी, डोक्यावर घागर घेतलेली बाई. आमची पोरं त्यावर पाठ केलेली पाच वाक्यं लिहायची, कारण विहिरीवर ती कधी गेलेलीच नव्हती. घराशेजारच्या कारखान्यात दिवसभर खडखड चालते, सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण धोटा, कांडी, उभा-आडवा धागा हे शब्द मुलांच्या वहीत कुठेच नव्हते. त्यात आजूबाजूचे माग एकेक करून बंद पडत होते, भंगारात जात होते. मुलांनी स्वतः फोटो काढावेत आणि त्यावर स्वतःची वाक्यं लिहावीत, एवढीच माझी कल्पना होती. म्हणजे कॅमेरा मुलांच्या हातात जाणार. वादाची खरी जागा ही होती.

चित्रकलेचे सर डीएसएलआरच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आधी ते सांगते.

त्या वर्षी दुकानातल्या साध्या छोट्या कॅमेऱ्यावर १६ मेगापिक्सेल लिहिलेलं असायचं आणि निकॉनच्या डी३१०० या सुरुवातीच्या डीएसएलआरवर १४. पालक सभेत एकाने लगेच विचारलं, "मग महागाचा कमी कसा?" सरांनी फळ्यावर दोन चौकोन काढले. छोट्या कॅमेऱ्याच्या आतली प्रकाश टिपणारी चकती, म्हणजे सेन्सर, साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा. हरभऱ्याच्या डाळीएवढा म्हणा. डीएसएलआरचा सुमारे २३ बाय १५. क्षेत्रफळ काढलं तर बारा पटींपेक्षा जास्त. आपल्याकडचा पाऊस कसा असतो, चार शिंतोडे येतात आणि जातो. तेवढ्यात अंगणात वाटी ठेवली तर तळ ओला होतो, परात ठेवली तर निदान घोटभर पाणी जमतं. प्रकाशाचंही तसंच. कमी उजेडात वाटीवाला कॅमेरा फोटोत दाणे दाणे आणतो, परातवाला स्वच्छ काढतो. मेगापिक्सेल म्हणजे त्या वाटीत किती कप्पे पाडले, एवढंच. कप्पे वाढवल्याने पाऊस वाढत नाही.

दुसरा मुद्दा उन्हाचा. एप्रिलात दुपारी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभं राहून छोट्या कॅमेऱ्याचा पडदा बघा. काही दिसत नाही, अंदाजाने बटण दाबायचं. डीएसएलआरला डोळा लावायची खिडकी असते, भर उन्हातही त्यातून स्वच्छ दिसतं. शिवाय बटण दाबलं की फोटो लगेच. छोटा कॅमेरा आधी विचार करतो, मग काढतो. तोवर लंगडी घालणारी मुलगी चौकटीबाहेर गेलेली असते.

इतकं सगळं खरं असून मी विरोधात का गेले? सरांनी एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून तसला कॅमेरा एका दिवसापुरता आणला होता. आम्ही दोघं आणि सातवीची पाच मुलं एका मागाच्या कारखान्यात गेलो. लेन्ससकट तो पाऊण किलोच्या आसपास भरतो. मुलींच्या हातात थरथरायला लागला. तेही चाललं असतं. पण ज्यांचे फोटो काढायचे ती माणसंच बदलली. मागावरच्या काकांनी शर्टाची बटणं लावली, माग बंद केला आणि ताठ उभे राहिले. "पेपरवाले आलेत का?" बाहेर ओट्यावर विड्या वळणाऱ्या आजींनी सूप बाजूला ठेवलं, पदर डोक्यावर घेतला. काम थांबलं. आम्हाला तर कामाचाच फोटो हवा होता. मग एका मुलाने खिशातून मामाचा छोटा कॅमेरा काढला. आजी नातवाला बघून हसल्या आणि परत सूप मांडीवर घेतलं.

त्या दिवशी माझं मत पक्कं झालं. शिवाय शाळेतल्या महागड्या वस्तूंचं काय होतं, हे आपण सगळे जाणतो. कपाट, कुलूप, किल्ली एकाच माणसाकडे, आणि तो माणूस नेमका रजेवर.

झूमचं गणितही पालकांना उलटं वाटतं. डीएसएलआरसोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स जेमतेम तिप्पट झूम करते. लांबचं आणायचं तर दुसरी लेन्स घ्या, म्हणजे परत खर्च. 'लेन्स बदलता येते' हे त्याचं मोठेपण, पण लेन्स एकच असेल तर बदलणार काय? आणि बदललीच तरी कारखान्यात कापसाची बारीक धूळ सतत उडत असते, लेन्स काढली की ती थेट आत. आम्ही दरवर्षी नान्नजच्या माळढोक अभयारण्यात सहल नेतो. माळढोक आम्हाला आजवर दिसलेला नाही (नशीब लागतं), काळवीट मात्र दिसतात, तेही लांबून. तिपटीच्या झूममध्ये तो माळावरचा तपकिरी ठिपका असतो. दहा-बारा पट ऑप्टिकल झूम असलेल्या छोट्या कॅमेऱ्यात शिंगांचा पीळ दिसतो. पालकहो, झूम बघताना 'ऑप्टिकल' हाच आकडा बघा. 'डिजिटल झूम' म्हणजे फोटो कापून मोठा करणं, ते घरी बसूनही होतं.

शेवटी ठरलं असं. एका डीएसएलआरच्या पैशात दोन छोटे कॅमेरे, एक अगदी साधा आणि एक लांब झूमचा. उरलेल्यातून मेमरी कार्ड आणि पेन्सिल सेल चार्जरसकट. सेलवर चालणारेच घेतले, कारण त्या काळी भारनियमन चालू होतं आणि साधे सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. मुख्याध्यापक नाखूश होते. स्नेहसंमेलनाचे फोटो रंगमंचावरच्या दिव्यात दाणेदारच आले. गड्ड्याच्या यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाचे तर विचारूच नका. ही किंमत ठरवतानाच मोजली होती, पण मोजली होती म्हणून ती कमी झाली नाही. अल्बम उघडला की अजून कोणीतरी म्हणतंच.

कारखान्यातल्या अंधाराचं काय, यावर तोडगा काढला तो चित्रकलेच्या सरांनीच. हरलेल्या बाजूने इतकी मदत करावी, याचं मला अजून कौतुक वाटतं. फ्लॅश बंद. आयएसओ ऑटोवरून काढून १०० वर. कॅमेरा हातात धरायचाच नाही, चादरीच्या गठ्ठ्यावर ठेवायचा. दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात काढून घ्यायचा. शटर जास्त वेळ उघडं राहतं, त्यामुळे वाटीसुद्धा भरते, दाणे येत नाहीत. माग स्पष्ट येतो, आणि हलणारा धोटा व काकांचे हात धुरकट पट्ट्यासारखे. एका मुलाने त्या फोटोखाली लिहिलं, "काकांचे हात दिसत नाहीत कारण ते काम करत आहेत." चित्रवर्णनाच्या उत्तरपत्रिकेत असं वाक्य मी त्याआधी वाचलं नव्हतं. तेलुगू घरातली, मराठीत एरवी गप्प बसणारी मुलगी आजीच्या विडीवर अर्धं पान लिहून आली, कारण 'पान कापायचा पत्रा' याला मराठीत काय म्हणायचं ते तिला स्वतःला हवं होतं.

त्यातले दोन कारखाने पुढे बंद झाले. एकाचे मालक आमच्याकडे येऊन फोटोंच्या प्रती घेऊन गेले. त्यांच्याकडे स्वतःच्या मागांचा चालू असतानाचा एकही फोटो नव्हता.

आता आजच्या पालकांसाठी. साध्या छोट्या कॅमेऱ्याचं बरंचसं काम मोबाईल करतो, तेव्हा तेवढ्यासाठी पैसे घालू नका. कंपन्यांचं लक्ष आता मिररलेसकडे आहे, त्यामुळे जुने डीएसएलआर स्वस्तात मिळतात. मुलगा-मुलगी खरंच शिकणार असेल, रोज वापरणार असेल, तर वापरलेला सुरुवातीचा डीएसएलआर उत्तम, छिद्र लहान-मोठं करणं आणि शटरचा वेग त्यावर हाताने शिकता येतो. घेताना आतापर्यंत किती फोटो निघालेत ते, म्हणजे शटर काउंट, विचारा. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून ठिपके दिसतात का बघा. आणि मुलालाच दुकानात न्या, हातात धरून अर्धा तास फिरू द्या. अर्ध्या तासात गळ्यातून काढून तुमच्याकडे दिला, तर थोडं थांबा.

आमच्या दोघांपैकी झूमवाल्याची लेन्स तीन वर्षांनी धुळीने अडकली, ती पुन्हा आत गेलीच नाही. साधा अजून चालतो. सेल मात्र भराभर खातो, म्हणून नान्नजला निघताना मुलं आता चारऐवजी आठ सेल मोजून घेतात.