विरळणी

विरळणी मला आवडत नाही, आणि ती करायची वेळच मी कधी येऊ देत नसे. गाजर, मुळा, बीट ज्यांनी बी पेरून घेतलं आहे त्यांना हे वाक्य उर्मट वाटेल. ते उर्मटच आहे. बी दाट पडणार, दाट उगवणार, मग वीतभर ओळीत तीन-चार रोपं ठेवून बाकीची उपटायची, हा या भाज्यांचा नेम. मी बी दाट पडूच देत नसे. दिवाळीचा फराळ संपत आला की मागच्या अंगणातल्या वाफ्यांवर सुतळी ताणायची. तिच्यावर शाईने खुणा केलेल्या असत. गाजराला तीन बोटं, मुळ्याला चार, बिटाला त्याहून थोडं जास्त. उदबत्तीची उरलेली काडी पाण्यात बुडवायची, तिच्या ओल्या टोकाला बी चिकटवायचं आणि खुणेखाली ठेवायचं. एक खूण, एक बी. गाजराचं बी एका ग्रॅममध्ये सहज ७००-८०० भरतं, म्हणजे मी काय करत होते याचा अंदाज यावा. शेजारणी कुंपणापलीकडून बघत आणि हसत. त्या हसत आहेत हे मला दिसत असे आणि त्याने माझी पाठ जास्तच ताठ होत असे.

नोकरीतली सवय, असं मी सांगत आले. पाटबंधारे खात्यात मी ट्रेसर होते. आरेखकाने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड पसरून रुलिंग पेनने शाईची रेघ ओढायची. कालव्याची रेघ एका दमात गेली पाहिजे. चुकली तर दाढीच्या ब्लेडने हलक्या हाताने शाई खरवडायची, आणि कितीही हलका हात असला तरी कापडावर तिथे खरबरीत डाग राहतोच. विरळणी मला त्या खरवडण्यासारखी वाटत आली आहे. नीट काम केलं असतं तर ब्लेड लागलं नसतं.

दोन-तीन हिवाळ्यांपूर्वी उजव्या हाताला कंप सुरू झाला. कंपवात नव्हे, असं डॉक्टरांनी सांगितलं; वयाबरोबर काहींना होतो तसा. मांडीवर ठेवलेला हात अगदी शहाण्यासारखा राहतो. काही बारीक धरायला गेलं, की तो थरथरतो, आणि जितकं बारीक तितका जास्त. पोळ्या होतात, खुरपं चालतं, झारी दोन्ही हातांनी उचलली तर पाणीही नीट पडतं. काडीच्या टोकावर गाजराचं बी मात्र राहत नाही. यंदा पहिल्याच ओळीत तीन खुणा ओलांडून बी कुठे पडलं ते मला चष्म्यातूनही दिसलं नाही. मग सगळे करतात तेच केलं: बी मूठभर बारीक वाळूत कालवलं आणि चिमटीने सोडलं. हाताच्या थरथरण्याने ते बऱ्यापैकी सारखं पडलं, असं घरच्यांनी कौतुकाने सांगितलं. मला ते कौतुक लागलं.

वर गाळलेलं शेणखत भुरभुरलं आणि ओलं गोणपाट टाकलं. गोणपाट कधी काढायचं हाही एक वादाचा विषय आहे. नाशिकला मार्गशीर्षात पहाटे ८-१० अंशांपर्यंत उतरतं. निफाडचा पारा तर वर्तमानपत्रात रोज आमच्याही खाली असतो. त्या गारठ्यात गाजर दहा-बारा दिवस तोंड दाखवत नाही. एक दिवस उशीर झाला तर कोंब गोणपाटाच्या दोऱ्यांत शिरून बसतात, लवकर काढलं तर वरचा पापुद्रा वाळतो आणि मुंग्या येतात. माझी एक युक्ती आहे: गाजराच्या ओळीत मध्येमध्ये मुळ्याचे दाणे टाकायचे. मुळा चार-पाच दिवसांत वर येतो, ओळ कुठे आहे ते कळतं, आणि गाजर पोसायला लागेपर्यंत तो काढून खाऊनही होतो. पण मुळ्याचा दाणा चांगला मोठा असतो, तो मला अजून धरता येतो. म्हणजे यंदा मुळे खुणेवर आणि गाजरं खुशाल कुठेही, असा वाफा झाला.

आणि सगळं उगवलं. गचपण झालं.

यावर मी इतका विचार केला आहे की घरात आता कोणी हा विषय माझ्यासमोर काढत नाही. बी उगवण्याची खात्री कायदाही देत नाही. प्रमाणित बियाण्याला गाजरासाठी उगवणीची किमान मर्यादा ६० टक्के आहे, मुळ्यासाठी ७०. म्हणजे शंभरातल्या चाळीस खुणा रिकाम्या राहिल्या तरी दुकानदाराशी भांडायला जागा नाही. मग माझ्या एकेका बियाच्या ओळी इतकी वर्षं भरलेल्या कशा दिसायच्या? एक तर मी पेरण्याआधी ओल्या फडक्यात चिमूटभर बी घालून किती मोड येतात ते बघत असे. आणि दुसरं आजवर कोणाला सांगितलेलं नाही. जिथे खूण रिकामी राही तिथे मी धणे टोचत असे. धणा हातावर रगडला की त्याचे दोन भाग होतात, दोन्हींतून रोप येतं. कोथिंबिरीचं पानही गाजरासारखंच चिरलेलं. लांबून बघणाऱ्याला ओळ अखंड दिसे. ‘तुमच्याकडे खाडे पडत नाहीत,’ असं कोणी म्हटलं की मी नुसती हसत असे.

बिटाने मात्र मला कधीच सूट दिली नाही. बाजारात बिटाचं बी म्हणून मिळतो तो खडबडीत दाणा म्हणजे एक बी नसतं; दोन-तीन, कधी जास्त बिया एकमेकींना चिकटून तो झालेला असतो. एक खूण, एक दाणा, आणि वर येतात तीन रोपं. दाणे लाटण्याखाली दाबून फोडून पाहिले. निम्मे आतून चुरडले. रात्रभर भिजवून नखाने सोलून पाहिले. परदेशात एकेक बीच धरणारी बिटं पैदाशीने काढली आहेत असं वाचलं, पण आमच्या दुकानात तो खडबडीत दाणाच येतो. शेवटी मी बिटाच्या वाफ्याला घराच्या पार मागे, शेवग्यापलीकडे जागा दिली. पाहुण्यांना तिथपर्यंत नेत नसे.

गाजराचं बी घरी धरता आलं असतं तर वाया जाण्याचं इतकं वाटलं नसतं, हेही खरं. वांगं, मिरची, वाल, दोडका यांचं बी मी विकत घेत नाही. नॅन्टीस जातीच्या गाजराला मात्र फुलावर यायला थंडी चांगली लांब आणि कडक लागते, नाशिकचा गारठा तिला पुरत नाही. ते बी कुलू खोऱ्यासारख्या थंड डोंगरांत तयार होतं. पुसा केसरसारख्या आपल्याकडच्या लाल जाती मैदानात बी देतात, पण माझ्या छोट्या वाफ्यात एका गाजराला तुऱ्यापर्यंत वाढू द्यायचं म्हणजे मेथीची एक अख्खी ओळ सोडायची. म्हणून पाकीट आणायचं, आणि पाकिटातल्या प्रत्येक दाण्याला वाफ्यात उभं राहायची संधी द्यायची, हा माझा हिशेब होता. कंजूषपणा म्हणा.

आता लोक ही भानगडच ठेवत नाहीत. पिंपळगावच्या टोमॅटोवाल्यांना रोपं पुरवणाऱ्या मोठाल्या रोपवाटिका आमच्या जिल्ह्यात आहेत. त्यांच्याकडून टोमॅटो, वांगी, कोबीची रोपं ट्रेमधून आणायची आणि घरी नुसती खोचायची. शेतकऱ्याला ते परवडतं, त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण गच्चीवर दोन कुंड्या ठेवणाऱ्यानेही तयार रोप आणून ‘मी वाढवलं’ म्हणावं याचा मला राग येतो. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचं वेड लागलेली माझ्या ओळखीची माणसं पालापाचोळ्याची माती करण्यात महिने घालवत आणि त्याच मातीबद्दल तासन्‌तास बोलत. कंटाळा यायचा, पण त्यांना आपल्या मातीतलं ठाऊक असे. हल्ली कोकोपीटची वीट भिजवली की झालं. आणि नवरात्र आलं की जो तो सांगतो, घटस्थापना म्हणजे आपल्या पूर्वजांची उगवणशक्तीची चाचणी. असेल. पण चाचणी करायची तर दाणे मोजावे लागतात. घटाभोवती कोणी दाणे मोजून पेरत नाही. मुठीने पेरतात, अंधारात पिवळं धमक वाढवतात आणि दसऱ्याला डोक्यात खोवतात. ते धान्य दाट शोभतं कारण त्याला कणीस धरायचं नसतं.

तर यंदाचं गचपण. घरी कामाला येते ती बाई पेठ तालुक्यातली. तिकडे नागली आणि भाताचं रोप आधी राबावर दाट टाकतात आणि मग लावणी करतात. दाट रोपांची तिला भीती नाही. मी दोन दिवस वाफ्यापाशी स्टूल घेऊन बसलेली तिने पाहिली. तिसऱ्या दिवशी भांडी आटोपून, हात पदराला पुसत ती आली, उकिडवी बसली आणि मुळ्याची मूठ उपटली. मी ओरडले. “ताई, काढायचं कोणतं ते काय बघत बसता? ठेवायचं बघा, बाकी आपोआप दिसतं,” असं म्हणून तिने पुढची मूठ काढली. जाताना सगळी कोवळी पानं पिशवीत भरून नेली, भाजीला.

हे ऐकून मी शहाणी झाले असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मुळ्याचं तिचं बरोबर, पण गाजराचं चूक. गाजराचं रोप उपटलं की शेजारच्याची मुळी हलते, आणि हललेली मुळी पुढे फाटे फोडते. दोन पायांचं गाजर त्यातूनच निघतं. गाजर कापायचं, जमिनीलगत, बारीक कात्रीने. बीट तर कापायलाच हवं. तिला हे पटलं नाही. “राबात काय कात्री लावतो का आम्ही?” असं ती म्हणाली आणि धुणं वाळत घालायला गेली. राबातून उचललेलं रोप दुसरीकडे लावतात, त्याला तगायचं असतं. इथे काढलेलं मरणार असतं, हे मला नंतर सुचलं, तेव्हा ती घरी गेली होती.

मग कात्री मीच घेतली. भरतकामाची, टोकदार. बिटाच्या एका दाण्यातून आलेली तीन रोपं समोर होती. जांभळट तांबडे देठ बुंध्याशी इतके जवळ की तिन्ही एकच वाटावेत. एकाचं पान मोठं पण देठ वाकडा, दुसरं सरळ पण पानाला किड्याने भोक पाडलेलं, तिसरं या दोघांच्या मधे दबलेलं. मी वाकड्याच्या बुंध्याशी टोक नेलं. हात थरथरला. कात्री मिटली तेव्हा सरळ देठ खाली पडला होता. मनगट वाफ्याच्या विटेवर टेकवून पुन्हा प्रयत्न केला. टेकवलं की थोडं बरं. मग डावी तर्जनी मधे घालून ठेवायच्या रोपाला आडोसा केला. ते जमलं. एका ओळीला दुपार गेली. पूर्वी पेरायला लागायची तेवढीच.

काढलेल्या बिटाची पानं मी ताकाच्या कढीत टाकली. चांगली लागली; ती चांगली लागतात हे सगळ्यांना माहीत आहे, मला नव्हतं, कारण माझ्याकडे कधी काढलेली पानं नसत. शेवग्यापलीकडची दाट बिटं दरवर्षी तशीच वाढत आणि कांद्याएवढी राहून जात, ती मी पोरांना ‘बेबी बीट’ म्हणून खपवत असे.

खरं सांगायचं तर जे गेलं त्याचं मला कमी वाईट वाटतं, कोणी पाहिलं याचं जास्त. संक्रांतीला भोगीच्या भाजीसाठी आळीत माझ्याकडची गाजरं जात. प्रत्येक घरात ती मीच नेऊन देत असे, पानांसकट, एकाच मापाची, सुतळीने बांधून. फोडी करून दिल्या असत्या तरी भाजीला चालल्या असत्या. यंदा ती जाडीला सारखी निघणार नाहीत हे आत्ताच पानांवरून दिसतंय. मुलगी म्हणाली, कापून दे ना. तिला वाटलं मी हसेन. मी विचार करतेय.

माघात थंडी ओसरली की उन्हाळी भाज्यांचं सुरू होईल. भेंडी, गवार, काकडी, दोडका आणि डांगर. डांगराचं बी अंगठ्याच्या नखाएवढं असतं, भेंडीचा दाणा ज्वारीहून मोठा. बोटांत धरून टोचायचे, हात थरथरला तरी बी जागेवरच पडतं. ती ओळ मी सुतळी लावूनच घालणार आहे, एका खुणेला एक बी, आणि ती कुंपणालगतच्या वाफ्यात घालणार आहे, जिथून सगळ्या शेजारणींना दिसेल.