मालवाहू जहाजावरची सुट्टी

'माझा जहाजाचा प्रवास' असा निबंध दिला की मुलं पोहण्याचा तलाव, नाचगाणी, डेकवरच्या खुर्च्या लिहितात. ते झालं क्रूझ. मालवाहू जहाजावर तुमच्या करमणुकीसाठी कोणी नसतं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे १२ पेक्षा जास्त प्रवासी घेतले तर ते प्रवासी जहाज ठरतं आणि सगळे नियमच बदलतात. त्यामुळे मालवाहू जहाजावर प्रवासी असलेच तर मोजके, आणि डॉक्टर नसतो.

२०१७ च्या मे महिन्यात मी आणि आमची आठ वर्षांची लेक अशा एका कंटेनर जहाजावर होतो. दक्षिण कोरियातल्या बुसानहून अमेरिकेतल्या लाँग बीचला. यजमान त्यावर सेकंड ऑफिसर. कागदोपत्री आम्ही दोघी 'सुपरन्यूमररी', म्हणजे सरळ मराठीत जादाच्या!

पहिल्याच दिवशी लाइफजॅकेट घालून कवायत झाली. सात छोटे भोंगे आणि एक लांब वाजला की धावायचं, हे लेकीने पाढ्यासारखं पाठ केलं. लाटा मोठ्या झाल्या की मेसमधला टेबलक्लॉथ ओला करतात, म्हणजे ताटं घसरत नाहीत. झोपताना गादीच्या कडेखाली लाइफजॅकेट खुपसायचं, म्हणजे आपण घसरत नाही. पालेभाजी आधी संपते, मग कोबी आणि बटाटा. रविवारी बिर्याणी, आणि तिची चर्चा गुरुवारपासून.

पण तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच. सेकंड ऑफिसरची पाळी बारा ते चार, दुपारी आणि पुन्हा मध्यरात्री. औषधांची पेटीही बहुधा त्याच्याकडेच असते, म्हणजे कोणाचं बोट चेमटलं तरी ह्यांनाच हाक. पहाटे साडेचारला ते झोपायचे. केबिन एकच! आम्ही सातला चप्पल हातात घेऊन बाहेर. लेक महिने मोजून बाबांना भेटायला आली होती आणि सकाळ कुजबुजण्यात जात होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, घरी व्हिडिओ कॉलवर बाबा जास्त भेटतात गं." मला काही बोलताच येईना.

त्यात घड्याळ पुढे सरकत होतं. पूर्वेकडे जाताना दर १५ अंशांना एक तास. दहा-अकरा दिवसांत असे आठ तास गेले, आणि ज्याला आधीच झोप कमी त्याच्याही झोपेतून.

मग कॅप्टनच्या परवानगीने रोज दुपारी अर्धा तास ब्रिजवर जायचं ठरलं. अट एकच : बाबांशी बोलायचं नाही, ते समोर बघत असतात. ती खरंच गप्प उभी राहायची. नकाशावरचा आपला मार्ग वर, उत्तरेकडे वाकडा का, हे तिने साठवून ठेवून रात्रीच्या जेवणाला विचारलं. ह्यांनी मोसंब्यावर दोन टिंबं काढून दोरा ताणून धरला. वर्गात हे जरूर करून बघा, पृथ्वीगोल नसला तरी चालतं. दोरा आपोआप वर जातो.

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली तेव्हा शनिवार, २० मे, दोनदा आला. खलाशी कुरकुरले, रविवार दोनदा आला असता तर! लेक मात्र खूश, बाबांचा एक दिवस फुकट मिळाला म्हणून. त्या दुसऱ्या शनिवारी ते संध्याकाळी न झोपता तिच्याशी पत्ते खेळत बसले आणि बाराला तसेच पाळीवर गेले. मी जागी होते. चारला परत आले तेव्हा त्यांनी बूट दाराबाहेरच काढले.

लाँग बीचला आम्ही दोघी उतरून विमानाने परत आलो. त्यांचे अजून तीन महिने बाकी होते. सुट्टीची रोजनिशी तिने जूनमध्ये शाळेत दिली. दोन पानांवर लागोपाठ 'शनिवार, २० मे'. दुसऱ्या तारखेभोवती लाल गोल होऊन वही परत आली. तिने पेन्सिलीने त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'हा पत्त्यांचा'.