विस्मरणाचें मूळ

गेल्या आषाढांत आमचा गुडघा फार दुखूं लागला, म्हणून डॉक्टरांनीं ट्रॅमाडोलच्या गोळ्या दिल्या. कळ थांबली, परंतु मळमळ सुरू झाली, डोकें जड राहूं लागलें, आणि एके सकाळीं संध्या करितांना केशवादि चोवीस नामें मध्येंच विसरलों. पन्नास वर्षांचा पाठ! घरचीं मंडळी म्हणालीं, "वय झालें." आम्हांसही तें पटलें. 1872 पासून धूतपापेश्वराचीं औषधें करणारें हें आमचें पनवेल. येथें औषधाचा संशय कोणास येणार? सूनबाई मात्र काळजीनें तांब्यावर तांब्या पाणी पाजीत होत्या.

रक्त तपासलें. सोडियम 135 ते 145 असावें, तें 121 भरलें.

मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथींतून निघणारा एक स्राव मूत्रपिंडांस पाणी राखण्याची आज्ञा देतो. औषधानें ती आज्ञा अखंड चालू राहिली, कीं पाणी सांचतें व रक्तांतील मीठ पातळ होतें. 2015 सालीं माँट्रिअलच्या संशोधकांनीं ब्रिटनमधील रुग्णांच्या नोंदी तपासल्या. कोडीन घेणारांपेक्षां ट्रॅमाडोल घेणारांस सोडियम घटून रुग्णालयांत जाण्याचा धोका सुमारें दुप्पट आढळला. म्हणजे मायेनें पाजलेला तांब्याच अपाय करीत होता!

डॉक्टरांनीं गोळी बंद केली, पाणी मोजून दिलें. कांहीं दिवसांनीं चोवीसही नामें ओळीनें आलीं. वाचकांस विनंति इतकीच, कीं घरांतील वडील माणूस एकाएकीं विसरूं लागलें, तर वयास दोष देण्यापूर्वीं त्याच्या उशाशीं कोणती गोळी आहे तें पाहावें, आणि डॉक्टरांस विचारावें.