परीक्षा वेगळ्या, अभ्यास एकत्र

मोठीला पंधरावं लागलं होतं, धाकट्याला तेरावं. दोघंही यापुढे घरी शिकणार हे ठरलं आणि लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला: अभ्यासक्रम कुठला घ्यायचा? दोघांना एकच चालेल का?

मुक्त शिक्षण नाशिककरांना नवं नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच शहरात आहे. पण ते पदवीचं झालं. त्याआधी दहावी-बारावी असते. मुंबईच्या मालविका जोशीबद्दल आम्ही घरात खूप बोललो. सातवीच्या सुमारास तिनं शाळा सोडली, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेत एमआयटीला प्रवेश मिळाला. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यानं आयआयटीचा रस्ता मात्र तिला बंद होता. अशी पदकं सगळ्याच मुलांना मिळत नाहीत. म्हणून शिकण्याची पद्धत कितीही मोकळी ठेवली, तरी हातात मान्यताप्राप्त प्रमाणपत्र हवंच, यावर आमचं चौघांचं एकमत झालं.

मग पर्याय तपासले. केंब्रिजचा अभ्यासक्रम चांगला, पण दोन मुलांचं परीक्षाशुल्क आम्हाला झेपणारं नव्हतं. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरता आला असता. त्यात पुस्तकं ओळखीची, खर्च कमी, पण विषय निवडायला फारशी मोकळीक नाही. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, मोठीसाठी योग्य वाटली. चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव नोंदवता येतं, नोंदणी पाच वर्षं टिकते, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि विषय एकेक करूनही सोडवता येतात. माध्यम मराठीही घेता येतं. तिनं मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि चित्रकला असे पाच विषय घेतले. पुढे विज्ञान शाखेला जायचं असल्यानं गणित-विज्ञान सोडायचं नाही, हे तिनंच ठरवलं.

धाकट्याचं वय अजून तिथं बसत नव्हतं. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी आहे आणि त्यात घरी शिकवण्याची वेगळी तरतूद नाही. त्यामुळे त्याच्या नोंदी आम्ही काटेकोर ठेवल्या. काय वाचलं, काय लिहिलं, कुठे गेला, सगळं तारखेसह. बालभारतीची पुस्तकं हा त्याचा कणा; ती संकेतस्थळावर मोफत मिळतात. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची आठवीच्या पातळीची परीक्षाही आम्ही लक्षात ठेवली.

खरी कसोटी पुढे होती. गणितात धाकटा झपाट्यानं पुढे सरकत होता आणि एका टेबलावर बसल्यावर ताईच्या वहीत डोकावून उत्तर सांगायचा. तिचा चेहरा उतरायचा. तेव्हापासून गणित आणि भाषा ज्याच्या त्याच्या पातळीवर, वेगळ्या वेळी आणि वेगळ्या खोलीत. कुणाचं किती पुढे गेलं हे जेवताना विचारायचं नाही, असा घराचा नियमच झाला.

बाकी सगळं एकत्र. गोदावरी हा विषय आम्ही असाच घेतला. ब्रह्मगिरीचा उगम, गंगापूर धरण आणि थेट नांदूर मध्यमेश्वरपर्यंत. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पाणथळ तयार झाली, पक्षी आले, आणि २०२० मध्ये तिला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. धाकट्यानं नदीचा नकाशा काढला, मोठीनं अन्नसाखळी मांडली आणि पक्ष्यांची चित्रं केली.

पांडवलेण्यांचंही तसंच. एका लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याच्या दानांचे लेख, तर दुसऱ्यात गौतमी बलश्रीनं आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचा केलेला गौरव. त्यानं नहपानाला हरवल्याचा पुरावा नाशिकजवळच जोगलटेंभीला १९०६ मध्ये सापडला: नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, त्यातल्या बऱ्याचशांवर गौतमीपुत्राचा ठसा पुन्हा मारलेला. जिंकलेल्या राजानं जुनी नाणी वितळवली का नाहीत, यावर दोघं संध्याकाळभर वाद घालत होते. सामाजिक शास्त्र मोठीच्या परीक्षेत नाही. तरी त्या वादात तीच जास्त बोलत होती.

अभ्यासक्रम निवडताना आपण बहुधा पुस्तकं आणि शुल्काची तुलना करतो. तीही करावीच. पण भावंडं एकत्र शिकणार असतील, तर आधी तीन याद्या करा: प्रमाणपत्रासाठी काय लागतं, प्रत्येकानं एकट्यानं काय शिकायचं आणि दोघांनी मिळून काय शिकायचं. वयाच्या अटी आणि शुल्क दरवर्षी मंडळाच्या माहितीपत्रकातून तपासा. आणि या याद्या करायला मुलांना शेजारी बसवा. तेरा-पंधरा वर्षांच्या मुलांना स्वतःच्या शिक्षणाबद्दल बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे.