हिरवी सदाफुली

बदलीच्या नोकरीत माणसाने आंबा लावू नये, असे माझे जुने मत आहे. त्याला मोहोर येईपर्यंत आपण तिसऱ्या गावी रुजू झालेलो असतो. सदाफुलीचे तसे नाही. बी पडल्यावर दोन-तीन महिन्यांत ती फुलू लागते, कडू पानांमुळे गुरे तिला तोंड लावीत नाहीत आणि कावेरीकाठच्या उकाड्यातही तिचा उत्साह ओसरत नाही. तिचे माहेर मादागास्कर. परमुलखात नांदण्याची विद्या तिला आपल्यापेक्षा अधिक अवगत असावी. कुंभकोणमच्या आमच्या भाड्याच्या घरी, मागल्या अंगणात, म्हणून मी तीच लावली.

तमिळ भाषेत तिला दोन नावे आहेत. एक नित्यकल्याणी, दुसरे सुडुकाट्टुमल्लि, म्हणजे मसणवटीतली मोगरी. शेजारच्या मामी पहिलेच नाव घेतात. रोज सकाळी परडी घेऊन येत आणि पूजेपुरती फुले खुडून नेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला हाक मारली, "सार, इकडे या. अंबाळने काय केले आहे, पाहा!" एका फांदीवरची फुले गुलाबी न राहता हिरवी झाली होती. पाकळ्या पाचच, पण प्रत्येक पाकळी म्हणजे एक चिमुकले पान. काही फुलांच्या तर पोटातूनच नवी डहाळी निघू पाहत होती. दिसायला ते खरोखर सुंदर होते. दोन दिवसांत आळीतल्या चार घरांनी लावण्यासाठी फांद्या मागितल्या. हे काय आहे, ते ठरविणे आता निकडीचे झाले.

कचेरीतल्या मित्रांनी एकमताने खताला दोषी धरले. नत्र अधिक झाले म्हणजे झाड पानांनी माजते आणि फुले कमी धरते, हे खरे. पण जे फूल येते ते फूलच असते. खताने पाकळीचे पान होत नाही. दुसरा तर्क नव्या वाणाचा. तो मला काही दिवस मोहवीत होता, कारण हिरवा गुलाब म्हणून चिनी गुलाबाचा एक वाण खरोखरच आहे आणि तो रोगट नाही. परंतु असा पालट एखाद्या फांदीत झाला, तर तो त्या फांदीपुरताच राहतो. येथे तीन आठवड्यांत दुसरी फांदी हिरवी झाली, मग तिसरी. नवी पाने बारीक, पिवळट; पेरे आखूड; शेंड्याला झाडूसारखा झुपका. विहिरीजवळच्या वांग्यांनी उरलेली साक्ष दिली. त्यांची पाने तुळशीएवढी झाली होती आणि फांदी हलविताच तुडतुडे उडत होते. वांग्याच्या या रोगाला आपल्याकडे पर्णगुच्छ म्हणतात. बहुधा दोघींचे दुखणे एकच होते.

हा रोग विषाणूचा, असे पूर्वी मानीत. 1967 साली जपानमध्ये योजी दोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगट तुतीच्या रसवाहिन्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने वेगळेच जीव पाहिले. जिवाणूंच्याच जातीचे, पण पेशीभित्ती नसलेले. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात. तुडतुडा रस शोषताना त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. भांगेवरही असा झुपका आढळला आहे. परंतु ते झाड अंगणात लावून निदान करीत बसण्याची सोय 1985 च्या कायद्याने आपणा सरकारी माणसांना ठेवलेली नाही. सदाफुली मात्र या जीवांची फार आवडती. जगभरच्या प्रयोगशाळा त्यांना जगविण्यासाठी तिलाच वाढवितात आणि रोगट झाडावरून निरोगी झाडावर अमरवेलीचा पूल बांधून ते तिच्यात सोडतात.

फुलाचे भाग म्हणजे रूपांतर पावलेली पानेच, असे गटेने 1790 मध्ये प्रतिपादिले होते. हा जीव ते रूपांतर परत फिरवितो. नॉर्विचच्या जॉन इन्स संस्थेतील संशोधकांनी 2014 मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यावर दाखविले, की फायटोप्लाझ्माचे एक प्रथिन फूल घडविणारी प्रथिने नष्ट करविते आणि तुडतुड्यांना ते झाड अधिक मानवते. म्हणजे झाड स्वतःसाठी फुलायचे सोडून पाहुण्यासाठी पाने काढीत बसते. घरमालकाला इतके अंकित करणारा भाडेकरू मी तरी दुसरा पाहिला नाही.

मामींना हे सांगणे सोपे नव्हते. "झाड जिवंत आहे, हिरवेगार आहे, उपटायचे कशाला?" त्यांचा प्रश्न अडाणी नव्हता. नाताळात कुंड्यांतून विकल्या जाणाऱ्या पॉइन्सेटियाचा डेरेदारपणा फायटोप्लाझ्मामुळेच येतो, हे 1997 मध्ये सिद्ध झाले आहे. तेथे बागवान रोग मुद्दाम जपतात. टेट्रासायक्लीनने लक्षणे दबतात, पण औषध थांबले की ती परततात. आणि फांदी लावली, की फांदीबरोबर रोगही लागतो. त्या चार अंगणांचे मला विशेष नव्हते. गावाबाहेर भातानंतर काही रानांत तीळ पेरतात आणि तिळालाही असाच रोग होतो. बोंडाच्या जागी हिरवा झुपका येतो, दाणा येत नाही. तिळाचे नाव काढताच मामी गप्प झाल्या. त्यांच्या माहेरी तीळ होता.

"शुक्रवारी नको," एवढेच त्या म्हणाल्या.

शनिवारी सदाफुली आणि वांगी मुळासकट उपटून जाळली. आजारापूर्वीच्या शेंगांचे बी पुडीत होते, ते त्यांनीच नव्या कुंडीत टाकले. रोपे वीतभर झाली आहेत. कळी अजून नाही. मामी मात्र रोज परडी पायरीवर ठेवून एकेक पान उलटून पाहतात.